दाढेतलं गाव

प्रणाली धुरीने आपल्या मुलीच्या दाढेची रेघ पाचव्यांदा काढली, तेव्हाही ती सपाटच आली.

यंत्र बिघडलं म्हणावं, तर तसंही नव्हतं. शिलाई मशीनएवढं ते यंत्र कातळवणे ग्रामपंचायतीच्या सभागृहात सकाळी तिनेच मांडलं होतं, तिनेच जुळवलं होतं, आणि दुपारपर्यंत त्याने गावातल्या एकतीस जणांच्या दाढा बिनचूक वाचल्या होत्या. सरपंचबाईंचं माहेर सह्याद्रीच्या पायथ्याचं, हे त्याने सांगितलं. शाळेतले गुरुजी वयाची पहिली चार वर्षं खाडीकाठी आजोळी वाढले, हेही सांगितलं. गुरुजी स्वतः ते विसरले होते. आणि शाल्मली, जी ह्याच गावाच्या अंगणात पहिलं पाऊल टाकायला शिकली, तिच्या नावापुढे पडद्यावर तीन शब्द उमटले होते : प्रदेश निश्चित नाही.

शाल्मली एकवीस वर्षांची. दापोलीहून शेतीचं शिक्षण घेऊन ती वर्षापूर्वी परत आली होती आणि आजोबांच्या दोन एकरांत नाचणी आणि गावठी भात लावायचे मनसुबे रचत होती. दाढ दाखवून, मैत्रिणीला कोपर मारून, "चल, मला बांध साफ करायचाय" म्हणत ती केव्हाच निघून गेली होती. निकाल पाहायलाही थांबली नाही. त्यात पाहण्यासारखं काय होतं?

ती मैत्रीण म्हणजे सम्झना थापा. आंब्याच्या बागेची राखण करायला नेपाळहून आलेल्या टेकबहादूरची मुलगी. वय चोवीस, आरोग्य उपकेंद्रात परिचारिका. ती तर तपासणीला यायलाच तयार नव्हती. शाल्मलीनेच तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं होतं. तिच्या नावापुढे लिहून आलं होतं : दक्षिण कोकण. निकटची जुळणी कातळवणे, नव्व्याण्णव टक्के.

सकाळपासूनच्या एकतीस जणांत एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

*

हे सगळं सुरू झालं ते दगडातून. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं, आणि त्याचे जड-हलके असे प्रकार असतात. त्यांतला एक जड प्रकार रुबिडियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याच्या सावकाश क्षयातून वाढत जातो, इतका सावकाश की अब्जावधी वर्षं लागतात. म्हणून साधारणपणे खडक जितका म्हातारा, तितका त्यात तो प्रकार जास्त. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे भूशास्त्राच्या लेखी कालचं पोर. कातळवण्याच्या शेतांखालचा पट्टेदार खडक मात्र अडीच अब्ज वर्षांपलीकडचा. खडकाची माती होते, मातीतलं पाण्यात उतरतं, पाण्यातून भातात आणि नाचणीत, आणि ताटातून माणसात. शरीराला स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमचा सख्खा भाऊ वाटतो. ते त्याला हाडांत आणि दातांत नेऊन बसवतं. हाडं आयुष्यभर झिजतात आणि नव्याने भरतात. दाढेवरचं इनॅमल मात्र एकदाच घडतं. पहिल्या दोन दाढांचं ते आठव्या वर्षापर्यंत घडून होतं. पुढे माणूस कुठेही जावो, त्याच्या दाढेत त्याच्या लहानपणच्या मातीतलं जड-हलक्याचं प्रमाण, म्हणजे तिचा आकडा, राहतो.

प्रणालीच्या यंत्रातला लेसर केसापेक्षा बारीक ठिपके पाडत इनॅमलवरून जाई आणि महिन्या-महिन्याचा आकडा वाचत रेघ काढी. ज्यांनी गावचं खाल्लं त्यांची रेघ लाटेसारखी हलायची, कारण भर पावसातलं विहिरीचं पाणी वेगळं आणि वैशाखातलं वेगळं. ही रेघ ज्या नकाशाशी ताडून बघायची, तो नकाशाही तिचाच होता. सात-आठ वर्षं ती तळकोकणातलं गाव न् गाव फिरली होती. विहिरींचं पाणी, नाचणीचं काड, गोगलगायींचे शंख, म्हाताऱ्यांचे पडलेले दात, असं सगळं पिशव्यांत भरून आणलं होतं. आपल्या प्रदेशावर तिच्याएवढ्या बारकाईने प्रेम केलेलं माणूस शोधून सापडलं नसतं.

आणि ह्याची गरजही खरी होती. जगात कुठेही बसून काम करता येतं म्हटल्यावर साऱ्या जगातले पैसेवाले कोकणाकडे वळले होते. डोंगर इथला आणि मालक एखाद्या बेटावरची कंपनी, अशी गत झाली. मग प्रादेशिक स्वशासनाचा कायदा आला, दक्षिण कोकण प्रादेशिक परिषद उभी राहिली, आणि परिषदेने ठरवलं की शेतजमीन बाळगायचा आणि परिषदेला मत द्यायचा हक्क फक्त भूमिजांना, म्हणजे जे इथे वाढले त्यांना. तर वर्षभरात बेटावरच्या कंपन्यांचे लोक भूमिज झाले. संगणकाने त्यांना पणजोबांचा सातबारा करून दिला, शाळेचा दाखला दिला, अंगणात रांगतानाचे फोटो दिले. साक्षीदारही विकत मिळाले. कागद म्हणजे कचरा झाला.

तेव्हा "कागद नको, दात बघा!" ही घोषणा ज्यांनी दिली, ज्यांनी त्यासाठी दोनदा तुरुंग पाहिला आणि एकवीस दिवस उपास केला, ते बाबल धुरी म्हणजे प्रणालीचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी मागणी केली आणि मुलीने यंत्र बसवलं. कायद्यात कलम झालं : पहिली व दुसरी दाढ हाच पुरावा, दुसरा कोणताही पुरावा ग्राह्य नाही.

*

परिषदेचे अध्यक्ष उपेंद्र राऊळ त्या दिवशी मुद्दाम कातळवण्याला आले होते. बाबलकाकांच्या गावातून भूमिजांच्या नोंदणीला सुरुवात होते आहे, तर आपण हजर असावं, एवढीच त्यांची भावना. प्रणालीच्या चेहऱ्याकडे बघून ते यंत्रामागे आले, चष्मा पुढे-मागे करत त्यांनी पडदा वाचला आणि हळूच दार लावून घेतलं.

"दुसऱ्या कुणी बघितलं?"

"नाही."

"मग झालं तर. ताई, एक आकडा तो काय! तिसऱ्या दशांश स्थळाला कोण जातंय बघायला?"

"मी जाते ना, राऊळसाहेब. माझं कामच ते."

राऊळ बाकावर बसले. वाईट माणूस नव्हता. ऐन तिशीत असल्यापासून बाबलकाकांची पिशवी उचलून मोर्च्यांत चालला होता. "काकांना हे कळलं तर ते खचतील," ते म्हणाले. "आयुष्यभर ह्या मातीसाठी भांडले, आणि नात परकी निघाली! तिला जमीन मिळायची नाही, मत मिळायचं नाही. आणि ती राखणदाराची मुलगी मात्र भूमिज? लोक म्हणतील, यंत्र खोटं आहे. मग बेटवाल्यांना रानच मोकळं. दोन्ही गोष्टी एकदम पचायच्या नाहीत. शाल्मलीचा आकडा नीट करा. त्या पोरीपुढे 'फेरतपासणी' लिहा, वर्षभराने बघू. सोमवारी परिषद बसते आहे. तोवर विचार करा."

ते गेले. प्रणालीने ती सपाट रेघ आणखी एकदा पडद्यावर आणली. ती अशी का आली, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

*

दोन दिवस तिने घरात काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि चहात एकदा. बाबल धुरी घरापुढच्या खळ्यात बसून बियाण्याची नाचणी निवडत होते. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"प्रणाली, हंय ये. सांगतंस काय माका, की मी मेल्यार सांगतलंस?"

ती त्यांच्यासमोर बसली आणि सांगून टाकलं. शाल्मलीचं, सम्झनाचं, राऊळ काय म्हणाले ते. बाबल ऐकत राहिले. एक कोंबडी सुपात शिरली, तिला हाकलायचंही त्यांना सुचलं नाही.

"यंत्र चुकूक नाय?"

"नाय, बाबा. मी चुकलंय."

तो काळ तिच्या नकाशाचा होता. शाल्मली वर्षाची असताना नवरा सिंगापूरला गेला तो तिकडचाच झाला, आणि ती मुलीला घेऊन माहेरी आली. आठवड्यातले पाच दिवस ती बाहेर, कुठल्यातरी गावाच्या विहिरीवर. मुलीला काही होऊ नये म्हणून तिने दूर बसून सगळी तजवीज केली होती. दर सोमवारी उडतं यान खळ्यात खोकं ठेवून जाई. कॅनडाच्या ओटचा भरडा, डेन्मार्कची दुधाची भुकटी, न्यूझीलंडची सफरचंदं, आल्प्सच्या झऱ्याच्या बाटल्या. विहिरीच्या पाण्यात जंतू असतील, ह्याची तिला धास्ती होती. जगातलं उत्तम तेवढं मुलीच्या पोटात जावं, एवढीच इच्छा. सगळ्या जगाचे आकडे एकात एक मिसळले की सरासरी निघते, आणि सरासरीला लाट नसते. दुसऱ्यांच्या गावांची नाचणी पिशव्यांत भरून आणणाऱ्या बाईच्या मुलीने स्वतःच्या गावची नाचणी नऊ वर्षांची होईतो चाखली नव्हती.

"मी रोज सकाळी पेज करी," बाबल म्हणाले. "आपल्या शेतातल्या कुणग्याच्या भाताची. वायच जवळ्याची चटणी. आपला चेडू वास घेय आणि तोंड फिरवी. तेका ते डबेच गोड."

"मगे पेजेचा काय करायचात?"

म्हाताऱ्याने आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या आल्या आणि मग एकेक करून गेल्या. "टाकूक जीव होईना. टेकबहादूराचा चेडू दगडी गडग्यापलीकडे उभा रव्हायचा. तेका हाक मारून बसवी. वाटीभर खाय, परत वाटी पुढे करी. पाच-सहा वर्सां तरी खाल्ल्यान आसात." ते थांबले. "गो, म्हणजे माझो कुणगो त्या चेडवाच्या दाढेत गेलो?"

"अख्खो, बाबा. नव्व्याण्णव टक्के."

बाबल हसायला लागले. हसता हसता त्यांनी पंचा डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

*

शाल्मलीला सांगणं जास्त अवघड गेलं. ती आणि सम्झना शेतातून चिखलाच्या पायांनी आल्या, आणि प्रणालीने ओटीवर बसवून दोघींना सांगितलं. सम्झना आधी उडालीच. मग शाल्मलीचा चेहरा बघून तिने आपला आनंद गिळला.

"म्हणजे मी कुठली नाहीच?" शाल्मलीने विचारलं.

"तू सगळीकडची आहेस, असं यंत्र म्हणतं."

"जगाची नागरिक झालंस की गो!" सम्झनाने वातावरण हलकं करायला म्हटलं. तिची मालवणी गावातल्या कुणाहीपेक्षा ठसठशीत होती.

"मला जगाची नाही व्हायचं," शाल्मली म्हणाली. "मला दोन एकरांची व्हायचंय. आई, तू गावोगावचे नदी-ओढे सांगायचीस मला, त्यांच्या दगडांची नावं सांगायचीस. आणि माझ्या तोंडात काय घालतेयस, ते तुला दिसलं नाही?"

"नाही दिसलं," प्रणाली म्हणाली. "तुला जपायचं होतं मला. कशापासून, ते कळत नव्हतं."

शाल्मली उठून आत गेली. संध्याकाळी जेवायच्या वेळी गालाला हात लावून बाहेर आली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "मला चावता येत नाहीये. अक्कलदाढ येतेय."

प्रणालीचा घास हातात राहिला. पहिल्या दोन दाढा लहानपणच्या. पण अक्कलदाढेचं इनॅमल नवव्या-दहाव्या वर्षी घडायला लागतं. आणि शाल्मली नऊ वर्षांची होती तेव्हा दोन मोठ्या समुद्रमार्गांवर लढाई पेटून जगभरची जहाजं अकरा महिने बंदरांत उभी राहिली होती. खोकी येणं बंद झालं होतं. त्या वर्षी मुलीने आधी रडून, मग भुकेने आणि मग आवडीने नाचणीची भाकरी खाल्ली होती. जहाजं सुरू झाली, तोवर तिला डबे नकोसे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह उघडून तिने मुलीला परत खुर्चीत बसवलं. हिरडीतून अर्धी वर आलेली दाढ. लेसरचा ठिपका सरकत गेला. पडद्यावर रेघ आधी कणभर सपाट चालली, मग एकदम चढली आणि हेलकावे खायला लागली. शाल्मली मान वळवून बघत होती. बघता बघता तिने आईचा हात धरला. कालपासून तिने आईकडे बघितलंही नव्हतं.

"ही चालेल का त्यांना?"

"नाही. कायद्यात पहिल्या दोनच दाढा आहेत. ते कलम मीच लिहून दिलं होतं."

*

सोमवारी कुडाळच्या परिषदेच्या सभागृहात प्रणालीने अहवाल वाचला. काही बदललं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. कातळवणे आणि मधल्या दिवसांत आसपासची गावं मिळून पंचविशीच्या आतल्या ज्यांना तपासलं, त्यांत शंभरांतले चाळीस "प्रदेश निश्चित नाही" निघाले होते, आणि यादीत पहिलं नाव शाल्मली धुरीचं होतं. राऊळ अध्यक्षांच्या खुर्चीत डोळे मिटून बसले.

गोंधळ माजायचा तो माजला. एकाने यंत्रच समुद्रात बुडवा म्हटलं. मच्छीमारांचे प्रतिनिधी हेन्री रॉड्रिग्ज उठले. "समुद्राचो आकडो जगभर एकच, असा ह्या बाई सांगतत. आमची पोरां सुक्या मासळीवर वाढलेली. म्हणजे उद्या तुम्ही म्हणशात, हेन्री पोर्तुगालचोय आसा आणि जपानचोय! आम्ही कोणत्या परिषदेत बसाचा, तेवढां ठरवन सांगा."

हशा ओसरला, तेव्हा पाहुण्यांच्या बाकावरून बाबल धुरी काठी टेकत उठले. त्यांना बोलायची परवानगी कुणी मागायला लावली नाही.

"दात बघा म्हणान बोंब मारणारो मीच," ते म्हणाले. "दात खोटां बोलूक नाय. मीच चुकीचो प्रश्न इचारलो. मी इचारलंय, खाल्ल्यान काय? माका इचारूचा होता, रवलां खंय? माझी नात ह्या मातयेत लोळली, पडली, गुडघे फोडून घेतल्यान. ता दातांक कसां कळतला? ता शेजाऱ्यांक कळता."

"शेजारी विकले जातात, काका," कुणीतरी म्हणालं. "म्हणूनच तर आपण दातांकडे आलो."

"एक साक्षीदार इकत घेता येता. दोन येतत. बंद खोलीत तर धाय येतत. पण गावसभा बसवा, भर दिवसा, सगळ्यांदेखत, आणि माणसाक मधी उभो करा. अख्खो गाव इकत घेवक कोणाक परवडणा नाय. आणि आमच्या गावात गप बसणारो माणूस अजून जन्माक येवक नाय."

वाद दुपारभर चालला. शेवटी ठराव मताला आला : दाढेचा आकडा कुणाच्या बाजूने पुरावा म्हणून चालेल, कुणाच्या विरुद्ध चालणार नाही, बाकीचं गावसभा ठरवील, आणि हे एक वर्ष करून बघायचं. मतं बरोबरीत पडली. निर्णायक मत अध्यक्षांचं. राऊळांनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या घरातल्या फ्रिजमध्येही तेच डबे आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी ठरावाच्या बाजूला हात वर केला. प्रणालीकडे त्यांनी बघितलं नाही. बाहेर पडताना मात्र तिच्या हातातली यंत्राची पेटी घेऊन ते गाडीपर्यंत स्वतः चालत आले.

ही युक्ती सगळीकडे जमली असं नाही. पलीकडच्या एका गावाने जुन्या रागापोटी एका भल्या कुटुंबाला नाकारलं, आणि त्यांना परिषदेकडे दाद मागावी लागली. प्रणालीला ते कळलं, तेव्हा तिला वाटलं, यंत्राला निदान राग तरी नसतो. पण कातळवण्याची गावसभा बसली, तेव्हा ती पेटी घरीच ठेवून गेली.

*

देवळापुढच्या मोकळ्या जागेत सगळा गाव जमला होता. सम्झनाचं नाव नुसतं वाचलं गेलं, आणि टाळ्या पडल्या. गावातल्या निम्म्या पोरांना लस तिनेच टोचली होती. मग तिने बापाचा दंड धरून त्याला मध्ये आणलं. टेकबहादूर संकोचाने अर्धा झाला होता.

"माझा काय..." तो म्हणाला. "मी तर डोंगरातला. छब्बीस साल झालं इथं, बस."

"सव्वीस वर्सां हेनी माझ्या पोरांक आंब्यार चढूक दिल्यान नाय," मागून एक जण ओरडला. "हो बागेचो नाय तर कोणाचो?" सरपंचबाईंनी हसत नाव लिहून घेतलं. टेकबहादूरने टोपी काढली, परत घातली, परत काढली.

मग शाल्मलीचं नाव पुकारलं गेलं. ती मध्ये उभी राहिली. चिखलाचे पाय तिने आज धुतले होते, आणि त्यामुळे ती उगीचच परकी वाटत होती. नातेवाइकांनी बोलायचं नाही, असा नियम. त्यामुळे बाबल काठीवर हनुवटी टेकून गप्प बसले होते, आणि गप्प बसणं त्यांना किती जड जातंय, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रणालीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"कोणाला काही सांगायचं आहे?" सरपंचबाईंनी विचारलं.

आपल्याच पोरीबद्दल काय सांगायचं असतं, हेच लोकांना सुचत नव्हतं. मग बायकांच्या बाजूने सत्यवती मेस्त्रीण उठली. धुऱ्यांच्या शेताला लागून तिचं शेत. सत्तरीची, किडकिडीत, आणि जिभेने गावात पहिली.

"माका सांगायचा हा," ती म्हणाली. "ह्या चेडवान गेल्या म्हयन्यात माझ्याशी दोन तास भांडाण केल्यान."

शाल्मलीने खाली बघितलं.

"वीतभर बांधासाठी," सत्यवतीने बोटांनी वीत दाखवली. "चिखलात उभ्या रवान. माझ्या सासऱ्यान तो बांध कधी सरकवलो, कोणाच्या लग्नाच्या साली, ता माझ्या तोंडार सांगल्यान. माझ्या मेलेल्या सासऱ्याचा नाव घेवन! मी चार शिवये दिलंय, ह्येना पाच दिल्यान." ती सगळ्यांकडे वळली. "आता माका सांगा, भायरचो माणूस असो भांडता? भायरचो माणूस मोजणी आणता, वकील आणता, गोड बोलता. वीतभर बांधासाठी सासऱ्यापर्यंत जावक तेका येता काय? ता येवक हंयच जन्म काढूचो लागता. ता चेडू आमचाच. लिवा तेचा नाव."

सभा हसून हसून लोटपोट झाली. सरपंचबाई डोळे पुसत वहीकडे वळल्या. शाल्मली हसत होती आणि रडतही होती. प्रणाली गर्दीतून वाट काढत तिच्याकडे निघाली.

"लिवलास?" सत्यवतीने विचारलं.

"लिहिलं, काकी."

"मगे खाली आणखी एक लिवा. बांध माझो."

आणि इतका वेळ गप्प बसलेले बाबल धुरी, काठी उगारून ताडकन उभे राहिले. "बांध तुझो? कधीपासून गो?"

सरपंचबाईंनी वही मिटली आणि पुढचं नाव पुकारलं, पण ते कुणालाही ऐकू गेलं नाही.